भागाकार दिवाळीआधी शिकवू द्या : मराठवाड्याच्या शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख,
मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदा.

विषय : तिसरी ते पाचवीत गुणाकार व भागाकार जोडीने आणि पहिल्याच सत्रात शिकवण्याबाबत.

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

शाळाभेटीला आल्यावर आपण मुलांना पाढे म्हणायला लावता. चौथीतली मुले एका दमात सतराचा, अठराचा पाढा म्हणून दाखवतात आणि शेरेबुकात ‘पाढे पाठ आहेत’ असा शेरा पडतो. त्याच मुलांपुढे ६१२ ÷ ३ हे उदाहरण ठेवा. बऱ्याच पाट्यांवर २४ हे उत्तर दिसेल. यात पाढ्याचा दोष नाही. तीनचा पाढा त्यांना झोपेतही येतो. चूक दुसऱ्याच ठिकाणी होते. ते ठिकाण कोणते, आणि ते दुरुस्त करायला आपल्याकडून काय हवे, एवढ्यासाठी प्राथमिक शाळांत गणित शिकवणारे आम्ही शिक्षक हे पत्र लिहीत आहोत.

मागणी एकच आहे. गुणाकार आणि भागाकार हे दोन वेगळे घटक न मानता एकाच मांडणीतून, एकाच वेळी शिकवावेत आणि हे काम जून ते दिवाळी या सत्रात संपेल असे नियोजन करायला शाळांना लेखी मोकळीक द्यावी.

दिवाळीच का, ते आधी सांगतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून आणि जालना-परभणीच्या काही भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल शाळेत येते. आईबापाबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे मात्र सगळे दुसरे सत्र जाते. आधी गुणाकार पूर्ण करायचा, मग भागाकाराला हात घालायचा, या पद्धतीमुळे भागाकार बऱ्याच शाळांत दुसऱ्या सत्रात ढकलला जातो. म्हणजे ज्या मुलाची शाळा तुटते, नेमका त्याचाच भागाकार तुटतो. जूनमध्ये ते वरच्या वर्गात बसते, तिथे भागाकार झालेला आहे असे धरून पुढे जातात, आणि दिवाळी आली की पुन्हा तेच. पाचवीपर्यंत असे तीनदा घडू शकते. या मुलांना भागाकार ‘जमत नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. तो त्यांच्यासमोर शिकवलाच गेलेला नसतो.

आता ६१२ ÷ ३ कडे येऊ. खेळण्यातल्या नोटा घ्या : शंभराच्या सहा, दहाची एक, एकेकाच्या दोन. तीन मुलांना पुढे बोलवा. शंभराच्या सहा नोटा वाटल्या, प्रत्येकाला दोन मिळाल्या. दहाची नोट एकच आहे. ती तिघांना देता येत नाही. म्हणजे दहाच्या जागी प्रत्येकाला काहीच मिळाले नाही, आणि हे ‘काहीच नाही’ कागदावर ० म्हणून लिहायचे आहे. मग ती नोट सुटी करायची : दहा एकेक आले, आधीचे दोन मिळून बारा झाले, प्रत्येकाला चार. तिघांच्याही हातात दोनशे चार रुपये. हातात दोनशे चार रुपये धरून उभे असलेले मूल पाटीवर चोवीस लिहीत नाही.

फळ्यावर मात्र आपण काय शिकवतो? ‘एकाला तीनाने भाग जात नाही, म्हणून पुढचा दोन खाली घ्या, बाराला भाग द्या.’ वाक्य चुकीचे नाही, पण त्यात शून्याचा उल्लेखच नाही. मूल ऐकलेले तंतोतंत पाळते आणि २ च्या पुढे थेट ४ मांडते. पहिल्याच अंकाच्या वेळी तसे चालतेही. १२६ ÷ ३ मध्ये एकाला भाग जात नाही म्हणून बारा घेतले, तिथे सुरुवातीला शून्य लिहिण्याची गरज नसते. तोच नियम मूल मधल्या जागेलाही लावते. म्हणून नियम दोन वाक्यांत सांगावा लागतो : भागाकाराचा पहिला अंक पडेपर्यंत शून्य लिहायचे नाही, एकदा तो पडला की पुढच्या प्रत्येक अंकाच्या डोक्यावर काहीतरी लिहिलेच पाहिजे, भाग गेला नाही तर शून्य.

‘डोक्यावर’ हा शब्द मुद्दाम वापरला. भागाकार कुठे लिहायचा, याच्या दोन पद्धती चालतात. काही जण तो उजवीकडे कंसाच्या पलीकडे लिहितात, काही जण भाज्याच्या वर. उजवीकडे लिहिलेल्या अंकांना स्थान नसते, ते नुसते एकापुढे एक येतात. मधला एखादा गळाला तर डोळ्यांना कळत नाही. वर लिहिताना शतकाच्या डोक्यावर शतक, दशकाच्या डोक्यावर दशक येते, आणि दशकाची जागा मोकळी राहिली की ती दिसते. आमचे स्पष्ट मत आहे की तिसरी ते पाचवीत भागाकार वरच लिहावा, तोही चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक. शाळा अनुदानातून या वह्या घेतल्या तर त्यांच्याइतका उपयोग गणितपेटीतल्या दुसऱ्या कोणत्या साहित्याचा होईल असे वाटत नाही.

पाढ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपली बहुतेक शाळाभेट त्यांच्यावरच खर्च होते. एक ते दहाच्या पाढ्यांत एकूण १०० गुणाकार आहेत. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना चटकन येतात. उरतात ३, ४, ६, ७, ८ आणि ९. सहा आठी आणि आठ सख एकच, हे पटले की या सहा संख्यांचे आपसातले गुणाकार फक्त २१ राहतात. नवाच्या पाढ्यात उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊ येते आणि दशकाचा अंक गुणकापेक्षा एकाने कमी असतो (नऊ साती : दशक ६, एकक ३), त्यामुळे त्यातलेही सहा सुटतात. खरे पाठांतर उरले १५ गुणाकारांचे, आणि त्यातही मुले अडतात ती सहा साती, सहा आठी, सात साती, सात आठी यांच्याशी. चौथीत येऊनही अडणाऱ्या मुलाला अख्खे पाढे पुन्हा घोकायला लावू नका. या पंधरांची चिठ्ठी त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि रोज तीन विचारा.

घोकलेल्या पाढ्याची मर्यादा अशी की तो एकाच दिशेने चालतो. ‘सात आठी किती?’ विचारले की मूल मनात ‘सात एके सात’पासून निघते. भागाकाराला तर उलटा पाढा लागतो : आठच्या पाढ्यात साठच्या आतला सर्वांत मोठा आकडा कोणता, तो कितव्यांदा येतो आणि साठला किती कमी पडतात? उत्तर ५६, सात वेळा, उरले चार. भागाकाराच्या प्रत्येक पायरीला हाच प्रश्न पुन्हा येतो आणि वर्गात तो कोणी तोंडी विचारत नाही. परिपाठानंतर रोज दहा मिनिटे असे प्रश्न घ्यावेत : तीसमध्ये सात किती वेळा, किती उरले, पन्नासमध्ये सहा किती वेळा, किती उरले. लेखी काही नको.

पाढ्यांची यादी पूर्वीही गरजेप्रमाणे बदललेली आहे. आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दीडकी, औटकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीनचे पाढे म्हणत, कारण हिशेब आण्यांत आणि शेर-मणात होत असे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि ते पाढे शाळेतून गेले. तीसपर्यंतच्या पाढ्यांना आमचा विरोध नाही. दोन अंकी भाजकाला ते उपयोगी पडतात. पण अठराचा पाढा येणाऱ्या आणि साठात आठ किती वेळा हे न येणाऱ्या मुलाला पुढे काय शिकवायचे आहे, ते उघड आहे.

एक चूक पाढ्याची वाटते आणि नसते. सात साती एकोणपन्नास म्हणणारे मूल ५९ लिहिते, कारण कानाला ‘पन्नास’ ऐकू आले. सहा आठी अठ्ठेचाळीसचे ८४ होतात, सात नवे त्रेसष्टचे ३६, कारण आपल्याकडे एकक आधी उच्चारला जातो. देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, आणि सगळीकडेच अनेक घरांत दखनी बोलली जाते. मराठी संख्यानावे त्या मुलांसाठी शाळेतच सुरू होतात. म्हणून उत्तर चुकले की आधी तोंडी विचारावे. तोंडी बरोबर आणि लेखी उलटे असेल, तर पाढा पक्का आहे. सराव संख्यालेखनाचा हवा.

आता गुणाकार. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असते. ३३ × ३३ किती? नुसती मांडणी पाठ असलेली मुले पुष्कळदा तोंडी उत्तर देतात ९०९ : तीस गुणिले तीस नऊशे, तीन गुणिले तीन नऊ. दोन तुकडे त्यांनी सोडले. ते दाखवायला मोठी आकृती लागत नाही. चौकटीच्या वहीवर आडव्या १४ आणि उभ्या १२ चौकटींचा आयत काढावा, १४ चे १० आणि ४, १२ चे १० आणि २ असे भाग पाडणाऱ्या दोन रेघा ओढाव्यात. चार तुकडे दिसतात : १००, २०, ४०, ८. बेरीज १६८. मूल चौकटी मोजून खात्री करू शकते. मग ३३ × ३३ ला तीच आकृती हाताने, मापाशिवाय : ९००, ९०, ९०, ९. एकूण १०८९ चौरस फूट, एक गुंठा. याला ४० ने गुणले की एकराचे ४३,५६० चौरस फूट येतात. एकराचा हा आकडा मुलाने स्वतः काढलेला असतो.

उभ्या मांडणीत होणाऱ्या चुका ठरावीक असतात आणि उत्तरावरून ओळखता येतात. ३०४ × २७ घ्या. बरोबर उत्तर ८२०८ : सातने गुणून २१२८, वीसने गुणून ६०८०. कोणी २७३६ आणले असेल, तर दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी शून्य न मांडता ६०८ लिहिले आणि बेरीज केली. आपण तिथे ‘फुली मारा’ असे सांगतो. फुली कशाची, हे मुलाला कळत नाही, म्हणून ती विसरली जाते. फुलीऐवजी शून्य लिहायला लावावे आणि ओळीच्या बाजूला × ७, × २० असे लिहून घ्यावे. वीसने गुणतोय हे लिहिलेले असले की शून्य आपोआप येते. सातची ओळ २८४८ आली असेल, तर मूल हातचा आधी मिळवून मग गुणते : सात चोक अठ्ठावीस, हातचे दोन, शून्य आणि दोन दोन, सात दुणे चौदा. त्याला एवढेच सांगावे लागते की हातचा हा आधीच गुणून आलेला आहे, त्याला पुन्हा गुणायचे नाही. सातची ओळ २१९८ आली, तर शून्य गुणिले सात म्हणजे सात असे धरून त्यात हातचे दोन मिळवले आहेत. तिन्ही मुलांच्या वहीत लाल फुली सारखीच पडते, पण तिघांना शिकवायचे वेगळे आहे.

भागाकारासाठी तोच एकर पुन्हा घ्यावा. कपाशी चार फूट बाय एक फुटावर लावली तर एका झाडाला चार चौरस फूट जागा मिळते. एकरात झाडे किती? ४३,५६० ÷ ४. फळ्यावर मोठ्याने बोलत करायचे उदाहरण आहे हे. चार दशहजार, चार ठिकाणी वाटले, एकेक मिळाला. दशहजाराच्या डोक्यावर १. तीन हजार उरले, चार ठिकाणी वाटता येत नाहीत. हजाराच्या डोक्यावर ०. तीन हजारांचे तीस शतक केले, त्यात पाच मिळवले, पस्तीस शतक. चार आठी बत्तीस, शतकावर ८, उरले तीन. तीन शतकांचे तीस दशक आणि सहा, छत्तीस दशक. चार नवे छत्तीस, दशकावर ९, उरले काही नाही. एककाच्या जागी शून्य आहे, वाटायला काही नाही, पण डोक्यावर लिहायचेच : ०. उत्तर १०,८९०.

या एका उदाहरणात मधले शून्य आणि शेवटचे शून्य दोन्ही येतात, म्हणून ते आम्हाला फार मोलाचे वाटते. शून्ये गाळणारे मूल १८९ आणते. कापसाच्या गावात कोणत्याही पोराला विचारा, एकरात एकशे एकोणनव्वद झाडे बसतात का? ते स्वतःच ‘चुकलं, सर’ म्हणेल. उत्तर किती मोठे असायला हवे याचा अंदाज आधी बांधायची सवय अशा उदाहरणांतून लागते : चाळीस हजारात चार दहा हजार वेळा जातात, तेव्हा उत्तर पाच अंकी येणार. अंदाज उदाहरणाच्या आधी, कोपऱ्यात लिहून घ्यावा. नंतर विचारला तर मूल आलेल्या उत्तराशी जुळवून लिहिते.

अंदाजाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. काही शिक्षक ताळा म्हणून अंकांची बेरीज वापरतात, ज्याला नवाचा ताळा म्हणतात. अंकांची अदलाबदल सोडली तर तो बऱ्याच चुका पकडतो, पण शून्य गाळल्याची चूक त्याला कधीच सापडत नाही, कारण शून्याने अंकांच्या बेरजेत फरकच पडत नाही. १०,८९० ची अंकबेरीज १८, १८९ चीही १८. वर ८२०८ ची १८ आणि चुकलेल्या २७३६ चीही १८. आपल्या मुलांची सर्वांत जास्त होणारी चूक या ताळ्याला दिसत नाही. भागाकाराला खरा ताळा एकच : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. गुणाकार आणि भागाकार जोडीने शिकवले तर हा ताळा वेगळा शिकवावा लागत नाही.

ज्या मुलाला अंकाअंकाची मांडणी झेपत नाही त्याला गटागटाने वजा करू द्यावे. ४३,५६० मधून ४०,००० काढले, झाडे १०,०००. राहिले ३,५६०; ३,२०० काढले, झाडे ८००. राहिले ३६०, ते काढले, झाडे ९०. बेरीज १०,८९०. इथे शून्य गळण्याची सोयच नाही. कागद जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, आणि एखाद्याने ८०० झाडांच्या जागी शंभर-शंभर करत आठ पायऱ्या घेतल्या तरी उत्तर बरोबरच येते. परीक्षेत ही रीत लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत, असे आपण केंद्रस्तरावर स्पष्ट सांगावे.

दोन अंकी भाजकाला नवीन काही नसते, फक्त अंकाचा अंदाज बांधावा लागतो. १८७५ ÷ २३ मध्ये १८७ ला २३ ने भागताना मूल १८ ला २ ने भागून ९ धरते; २३ नवे २०७, जास्त झाले, म्हणून ८ : १८४, उरले ३. पाच खाली घेतले, ३५. एक वेळा, उरले १२. उत्तर ८१, बाकी १२. अडचण येते ती अंक कमी धरल्यावर. ७ धरले तर १६१, उरले २६. ही बाकी भाजकापेक्षा मोठी आहे. मूल ते न बघता २६ मध्ये पुन्हा एकदा २३ वजा करून १ पुढे लिहिते आणि भागाकार ७११ होतो. प्रत्येक वजाबाकीनंतर ‘बाकी भाजकापेक्षा लहान आहे का?’ एवढा प्रश्न वहीत लिहायला लावला तर ही चूक थांबते. भाजकाचा पाढा समासात आधी लिहून घ्यायला हरकत नसावी : २३, ४६, ६९, ९२, ११५, १३८, १६१, १८४, २०७. त्याला फसवणूक समजू नये.

शून्ये उडवण्याची घाई पाचवीत सुरू होते. बांधापासून बांधापर्यंत वीस फूट बाय वीस फुटावर फळझाडे लावायची तर एका झाडाला ४०० चौरस फूट लागतात. ४३,५६० ÷ ४०० मध्ये दोन्हीकडचे एकेक शून्य काढून ४,३५६ ÷ ४० केले, तर भागाकार १०८ येतो, तो बरोबर. बाकी मात्र ३६ येते आणि खरी बाकी ३६० चौरस फूट आहे. भागाकार तोच राहतो आणि बाकी दहापट लहान होते, कारण आपण मोजायचे एककच दहापट मोठे केले. शून्य काढले असेल तर बाकीला ते परत द्यायचे. शून्याने भागणे तर शक्यच नाही, आणि ‘चालत नाही’ एवढे सांगून भागत नाही : पाचला शून्याने भागून जे उत्तर येईल, त्याला शून्याने गुणले की पाच यायला हवेत, आणि अशी संख्या नाही.

बाकीचे काय करायचे, हे पुस्तकातल्या नुसत्या आकडेमोडीतून कळत नाही. २५० ÷ ८ हा एकच भागाकार घ्या : ३१, बाकी २. गंजीत कडब्याच्या २५० पेंढ्या आहेत, रोज आठ लागतात, पुरा चारा किती दिवस? ३१. सहलीला २५० मुले, काळीपिवळीत एका वेळी आठ, फेऱ्या किती? ३२. शेवटच्या फेरीत मुले किती? २. आठ जणांत २५० रुपये, प्रत्येकी किती? ३१ रुपये आणि दोन उरले. दशांश शिकलेल्याला ३१ रुपये २५ पैसे. पहिल्या उदाहरणात गट पाडले जातात, शेवटच्यात वाटणी होते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे शाब्दिक उदाहरण आले की मुले ‘सर, गुणायचं का भागायचं?’ असे विचारतात, कारण त्यांनी वाटणीचाच भागाकार पाहिलेला असतो, गट पाडण्याचा नाही. तिसरीपासून दोन्ही प्रकार सारख्याच संख्येने द्यावेत.

आता आपल्या हातातल्या गोष्टी. शाळाभेटीत पाढे म्हणवून घेण्याऐवजी फळ्यावर सहा उदाहरणे याच क्रमाने लिहावीत : ८४ ÷ ४, ९६ ÷ ४, ८४० ÷ ४, ६१२ ÷ ३, ७६३ ÷ ७, २५० ÷ ८. पहिले येत नसेल तर पाढा किंवा भागाकाराचा अर्थच कच्चा आहे. पहिले येते आणि दुसरे अडते, तर दशक सुटे करणे कळलेले नाही. तिसऱ्याचे २१ आले, तर शेवटचे शून्य गळते. चौथ्याचे २४ किंवा पाचव्याचे १९ आले, तर मधले. सहाव्यात बाकी लिहिली नसेल किंवा आठपेक्षा मोठी लिहिली असेल, तर तेवढाच भाग शिकवायचा आहे. ‘असर’सारख्या सर्वेक्षणात अंकगणिताची वरची पायरी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची असते, तिथे मूल अडले एवढेच नोंदले जाते, कुठे अडले ते या सहांतून कळते. शेरेबुकात ‘भागाकार कच्चा’ लिहिण्याऐवजी कोणत्या क्रमांकाला किती मुले अडली, ते लिहावे. शिक्षकाला त्या शेऱ्याने दुसऱ्या दिवशी काम करता येते.

चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत तीन गुणांचे भागाकाराचे उदाहरण असेल तर एक गुण आधी लिहिलेल्या अंदाजाला, एक मांडणीला, एक उत्तराला द्यावा. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत भागाकारात शून्य येणारे एक तरी उदाहरण असावे. शून्य नसलेली उदाहरणे देऊन काढलेला निकाल चांगला दिसतो, पण मुलाला येते काय ते सांगत नाही.

नियोजनाबाबत : तिसरीला जुलैपासून दोन, पाच, दहाच्या पाढ्यांबरोबरच त्यांची वाटणी आणि गट, ऑगस्टमध्ये बाकी, सप्टेंबरमध्ये नोटांनी दोन अंकी आणि जमेल तिथे तीन अंकी भागाकार, असा क्रम बसतो. चौथी-पाचवीला शाळा सुरू झाल्यावरचा पहिला पंधरवडा वरच्या सहा उदाहरणांसाठी ठेवावा. मासिक नियोजनातला क्रम मागेपुढे केला म्हणून विचारणा होईल, या भीतीने शिक्षक तो बदलत नाहीत. म्हणून तोंडी ‘चालेल’ नको. जुलैच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन तसे लेखी पत्र शाळांना द्यावे.

आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून आपण जे शिक्षण हमी कार्ड देतो, त्यासोबत एक चिठ्ठी जोडावी : सहापैकी कोणती उदाहरणे येतात, कोणते अडते आणि पंधरापैकी कोणते गुणाकार कच्चे आहेत. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला ते मूल ज्या दिवशी येऊन बसेल, त्या दिवसापासून कुठून शिकवायचे ते कळेल.

आपले नम्र,
मराठवाड्यातील प्राथमिक शाळांचे गणित शिक्षक